‘मागे घ्या’चं बटण

मिसबाहची एक सवय होती. कुणी कॉम्प्युटरवर काम करत असलं की ती आधी पडद्याकडे बघायची नाही, हाताकडे बघायची. हात कुठे थबकतो, कुठे उगाच मागे येतो, बोट कुठल्या बटणापाशी जाऊन पुन्हा वर उचललं जातं. ही सवय तिला कॉलेजात लागली नव्हती. तिचे वडील हाशमभाई जळगावात मेहरूणच्या रस्त्याला शिलाई मशीन दुरुस्त करतात. एखादी बाई मशीन घेऊन आली की ते लगेच पेचकस उचलत नाहीत. आधी तिलाच स्टुलावर बसवतात, चिंधी देतात आणि म्हणतात, चालव. दोरा का तुटतो ते त्यांना मशीन उघडायच्या आधीच अर्धं कळलेलं असतं. मशीन बिघडतं तेव्हा निम्मा दोष मशीनचा आणि निम्मा बसणाऱ्याच्या घाबरण्याचा, असं त्यांचं मत. मिसबाह लहानपणापासून हे बघत मोठी झाली.

तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला तो लीलाधर सरांमुळे. म्हणजे शिकली ती स्वतःच, पण पुढे जाऊ शकली ती त्यांच्यामुळे. लीलाधर सर एका खाजगी पॉलिटेक्निकमध्ये डेटाबेस शिकवायचे. पुढे त्यांनी नोकरी सोडून गणेश कॉलनीत एका मेडिकल दुकानाच्या वर सॉफ्टवेअरचं ऑफिस काढलं. मिसबाह पास झाली त्या वर्षी घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं, आणि आई सकीना मालेगावच्या एका स्थळावर खूश होती. तेव्हा सर स्वतः मेहरूणला आले. अरुंद गल्लीत स्कूटर लावायला जागा नव्हती तर कोपऱ्यावर लावून चालत आले. खाटेवर बसले, पाणी मागून प्याले, चहा घेतला आणि हाशमभाईंना म्हणाले, की मुलगी मला द्या, म्हणजे ऑफिसात द्या, तिची जबाबदारी माझी. हाशमभाईंनी त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. मालेगावच्या पाहुण्यांना नकार गेला. त्यानंतर घरात सरांचं नाव निघालं की सकीनासुद्धा डोक्यावरचा पदर सारखा करून बोलायची.

सरांच्या ऑफिसात फार माणसं नव्हती. मिसबाहच्या शेजारी नवल नावाचा तिच्याच बॅचचा मुलगा बसायचा. सांगितलेलं काम निमूट करायचा आणि पाचच्या सुमाराला चहा आणायला खाली जायचा. कामं छोटी होती. शाळांची फी, दूध डेअऱ्यांचे हिशेब, सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांच्या गाड्यांची नोंद. मग रक्तपेढीचं काम आलं.

एका ट्रस्टची ती रक्तपेढी होती. मुख्य कचेरी जळगावात, आणि धुळ्याला नि सावद्याला एकेक केंद्र. ट्रस्टकडे रक्तदात्यांची मोठी यादी होती, सगळी एका डेटाबेसमध्ये. नाव, गाव, रक्तगट, फोन, शेवटचं रक्तदान कधी. रात्री-अपरात्री दुर्मीळ गटाचा रुग्ण आला की याच यादीतून नाव शोधायचं आणि फोन लावायचा. यादी चांगली होती, पण तिच्यात शिरायचं दार वाईट होतं. डेटाबेस चालवायचं ते वेबवरचं पॅनल कधीकाळी कुणी बाहेरच्या माणसानं बनवून दिलं होतं. ते त्यानं स्वतःसाठी बनवलं असावं. सगळं इंग्रजीत. रकाने इतके, की फोन नंबर बघायला पडदा आडवा सरकवत न्यावा लागे, तोवर नाव दिसेनासं होई. दुरुस्त करायचं आणि पुसून टाकायचं बटण एकमेकांना चिकटून, एकाच राखाडी रंगाचं. आणि तिन्ही केंद्रांवर सगळे एकाच नावानं, एकाच पासवर्डनं आत जायचे.

एके दिवशी नशिराबादच्या शिबिराच्या साऱ्या नोंदी नाहीशा झाल्या. कुणी पुसल्या ते कळायला मार्ग नव्हता. जळगावनं धुळ्याकडे बोट दाखवलं, धुळ्यानं सावद्याकडे. ट्रस्टचे सचिव रतिलाल शेठ वैतागले आणि त्यांनी लीलाधर सरांना बोलावून सांगितलं, की हे पॅनल सुधारून द्या. सरांनी ऑफिसात येऊन फाईल मिसबाहच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, हे तुझं.

मिसबाहनं पहिल्याच आठवड्यात धुळ्याची एसटी धरली.

धुळ्याच्या केंद्रावर दिपमाला बसायची. मिसबाहपेक्षा वयानं मोठी. सोनगीरहून रोज काळी-पिवळी जीपनं यायची. नवरा प्रेमराज टेम्पो चालवायचा, मुलगी शाळेत, सासू घरी. ही नोकरी एका एजन्सीमार्फत कंत्राटावर होती, पण सोनगीरमध्ये तिला ‘रक्तपेढीवाली’ म्हणून ओळखायचे. कुणाचा माणूस धुळ्याला दवाखान्यात असला की लोक तिच्या घरी येत, आणि ती यादी न उघडता सांगे की नरडाण्याचा अमका, देवपूरचा तमका, याला विचारा, तो नाही म्हणणार नाही.

मिसबाह तिच्या मागे खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, तुम्ही रोजचं काम करा, मी नुसती बघते. दिपमालाला ते आवडलं नाही. जळगावहून तपासायला कुणी आलंय असं तिला वाटलं. मॅडम, मॅडम करत ती सावरून बसली. पण काम थांबवता येईना, समोर दाते बसलेले. हळूहळू तिचा हात नेहमीसारखा चालू लागला, आणि मिसबाहला जे बघायचं होतं ते दिसायला लागलं. प्रत्येक नोंद ती आधी स्वतःच्याच व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवत होती, मग पॅनलमध्ये भरत होती. सेव्ह दाबायच्या आधी माऊसवरून हात काढून ओढणीला पुसत होती. आणि एखादा जुना नंबर चुकीचा आहे हे माहीत असूनही ती तो दुरुस्त करत नव्हती, कारण दुरुस्तीच्या शेजारी ते दुसरं बटण होतं.

“हा नंबर चुकीचा आहे, तुम्हाला ठाऊक आहे ना?” मिसबाहनं विचारलं.

“ठाऊक आहे. बरोबरचा माझ्या मोबाईलमध्ये आहे.”

“मग इथे का नाही बदलत?”

दिपमालानं पडद्यावरच्या त्या दुसऱ्या बटणाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, “बदलायला गेलं आणि सगळंच गेलं तर? नशिराबादचं झालं तसं.”

मिसबाह त्यानंतर बऱ्याचदा गेली. कधी धुळ्याला, कधी सावद्याला. सावद्याला भटू नावाचा ऑपरेटर होता, केळीच्या गाड्यांवरच्या ड्रायव्हर-हमालांना पकडून रक्तदान करायला लावण्यात पटाईत. तो पॅनलला ‘विहीर’ म्हणायचा; आत टाकलेलं वर येत नाही म्हणून. मिसबाह प्रत्येक वेळी नवीन काहीतरी बनवून न्यायची, त्यांच्यापुढे ठेवायची आणि मागे बसायची. हात थबकला की परत येऊन ते मोडायची. रकाने कमी केले. नाव आणि फोन शेजारी आणले. सगळ्या पाट्या मराठीत केल्या. ‘तुम्हाला खात्री आहे का’ असं नुसतं न विचारता, ‘सोनगीरच्या अमक्याची नोंद कायमची पुसली जाईल’ असं नाव घेऊन सांगायला लावलं. पुसायचं बटण दूर नेलं आणि लाल केलं. पूर्ण पॅनलमध्ये लाल रंग तेवढ्या एकाच ठिकाणी. या सगळ्यात दिपमालाचं ‘मॅडम’ कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही. मिसबाह तिला दिपाताई म्हणू लागली, आणि ती नुसतंच मिसबाह.

पण मुख्य गोष्ट राहिली होती. भीती बटणांची नव्हती, चुकायची होती. म्हणून मिसबाहनं ‘मागे घ्या’ हे बटण बनवायचं ठरवलं. काही बदललं, पुसलं, चुकलं, तर एक बटण दाबायचं आणि आधी होतं तसं व्हायचं. त्यासाठी एक करावं लागणार होतं. कुणी काय बदललं याचा माग पॅनलनं ठेवायला हवा होता, आणि तो ठेवायचा तर प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड हवा होता.

ती आधी सरांशी बोलली. तिला दोन अटी हव्या होत्या. हा माग ज्याचा त्यालाच दिसावा, दुसऱ्या कुणाला नाही. आणि काही काळानं तो आपोआप पुसला जावा. सरांनी नीट ऐकून घेतलं, कागदावर एक चौकट काढून तिच्याकडून समजून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. ऑपरेटरला सुरक्षित वाटलं तरच तो खरं काम करेल. तसंच कर.”

मग ती धुळ्याला गेली. दिपमालाला वेगळ्या नावाचं सांगितलं तेव्हा तिच्या कपाळावर आठी आली.

“म्हणजे चूक झाली तर ती माझ्या नावावर लागणार?”

“चूक नाही लागणार, ताई. चूक मागे घेता यावी म्हणून नाव. ते फक्त तुम्हाला दिसेल. तुमच्याशिवाय कुणालाच नाही.”

“शब्द?”

“माझा शब्द.”

दिपमालानं पुढे विचारलं नाही. उलट तिनंच सावद्याला भटूला फोन करून पटवलं, जळगावच्या मुख्य कचेरीतल्या दोन ऑपरेटर मुलींनाही पटवलं. मिसबाहनं सांगितलंय ना, मग झालं, असं ती सगळ्यांना सांगत राहिली.

नवं पॅनल सुरू झालं. ट्रस्टच्या बैठकीत सरांनी ते पडद्यावर दाखवलं आणि ‘आमची मिसबाह’ म्हणून तिला उभं केलं. रतिलाल शेठनी टाळी वाजवली. घरी हाशमभाईंनी रसमलाई आणली.

आणि धुळ्यात दिपमालाचं काम बघण्यासारखं झालं. तिची भीती गेली. जुन्या यादीत किती कचरा होता ते तिला आधीपासून माहीत होतं. आता ती तो काढू लागली. एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी एकत्र करायची, बंद पडलेले नंबर बदलायची, वारलेल्या दात्यांची नावं बाजूला करायची. करता करता चुकायची, ‘मागे घ्या’ दाबायची, पुन्हा नीट करायची. जळगावच्या मुली अडल्या की तिला फोन करत, आणि ती त्यांच्या नोंदीही सावरून देई. मिसबाहला फोनवर म्हणाली होती, की आता रात्री दवाखान्यातून फोन आला तर मला घाम फुटत नाही, यादीतला नंबर लागतोच.

पावसाळा संपता संपता मिसबाह खालाच्या मुलीच्या लग्नाला भुसावळला गेली. आठवडाभर राहिली. परत आली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका नोंदीबद्दल विचारायला तिनं धुळ्याच्या केंद्रावर फोन लावला. आवाज अनोळखी होता. कोवळा, घाईतला. दिपमालाताई आहेत का, असं तिनं विचारलं.

“त्या आता नाहीत. मी त्यांच्या जागी.”

“सुट्टीवर आहेत?”

“नाही, काढलं त्यांना. चुका फार होत्या म्हणाले.”

मिसबाहनं फोन ठेवला. तिला पहिल्यांदा वाटलं की कुठेतरी गैरसमज झालाय. तिनं पॅनल उघडलं, ट्रस्टच्या वरिष्ठांना दिसतं तसं. डाव्या बाजूला एक नवी पाटी होती. तिनं न केलेली. ‘कर्मचारी चूक-अहवाल’. आत तिन्ही केंद्रांवरच्या माणसांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे त्यानं ‘मागे घ्या’ किती वेळा दाबलं त्याची पट्टी. अक्षरं तिनं निवडलेली. चौकटींच्या कडा तिनं गोल केलेल्या. सगळ्यात वर दिपमालाचं नाव, आणि त्यापुढची पट्टी लाल. तोच लाल.

ती नवलकडे वळली. नवल तिच्याकडे न बघता म्हणाला, सरांनी सांगितलं म्हणून केलं, मला काय माहीत. आणि थोड्या वेळानं, मी तुला सांगणार होतो. मग तो चहाची वेळ नसताना खाली निघून गेला.

सर त्यांच्या केबिनमध्ये जेवून डबा बंद करत होते. मिसबाह उभीच राहिली. सरांनी बस म्हटलं तरी बसली नाही. तिनं विचारलं, की हे पान कुणासाठी केलं. सरांनी काहीच लपवलं नाही. रतिलाल शेठनी मागितलं होतं, म्हणाले. कोण किती चुकतं ते आम्हाला कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. माहिती त्यांची, पैसा त्यांचा, आपण नाही कसं म्हणणार.

“तुम्ही मला हो म्हणाला होतात, सर. ज्याचं त्यालाच दिसेल म्हणून.”

“तेव्हा त्यांनी मागितलं नव्हतं.”

“मी त्या बाईला शब्द दिला होता.”

“तू दिलास, मिसबाह. मी नाही दिला.” सरांचा आवाज चढला नाही. शिकवताना असायचा तसाच होता. “आणि जे ती दाबत होती ते चूक झाल्याशिवाय कुणी दाबतं का? आपण खोटं काही दाखवलेलं नाही.”

मिसबाहनं सांगायचा प्रयत्न केला की ती साफसफाई करत होती, दुसऱ्यांच्या चुका निस्तरत होती. सर मान हलवत ऐकत राहिले. मग तिला एकच विचारावंसं वाटलं. मी इथे असताना का नाही केलं हे? मला का नाही सांगितलं?

“तुला सांगितलं असतं तर तू केलं नसतंस,” सर म्हणाले. “म्हणून तर नवलला दिलं.”

त्यांना ते वाक्य साधंच वाटलं असावं. म्हणून ते डबा उचलून बाजूला ठेवायला वळलेसुद्धा. पण मिसबाहच्या मनातली शेवटची आशा तिथे संपली. तोवर तिला वाटत होतं की सर विसरले असतील, दबावाखाली आले असतील, त्यांच्या लक्षात आलं नसेल. तसं काहीच नव्हतं. ती काय म्हणेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ती भुसावळला जायची त्यांनी वाट पाहिली होती.

ती रतिलाल शेठकडेही गेली. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला, शांतपणे ऐकलं. मिसबाहनं त्यांना वडिलांच्या धंद्यातलं सांगितलं, की जो शिंपी चुकलेली शिवण उसवतो तो खराब शिंपी नसतो, न उसवता तशीच देतो तो खराब. शेठ हसले. म्हणाले, मुद्दा बरोबर आहे तुझा, पण मी बैठकीत काय दाखवू? तिथं पट्टी दिसते, शिवण दिसत नाही. एजन्सीला कळवून झालंय, नवी मुलगी रुजू झालीय, आता मागे फिरवलं तर लोक म्हणतील शेठचं ठरत नाही. पुढच्या वेळी बघू.

मग सोनगीरला जायचं उरलं. मिसबाहनं ते तीन-चार दिवस लांबवलं. फोन करायचं धाडस होईना. रविवारी धुळ्याला उतरून तिनं दुसरी गाडी पकडली, सोनगीरचा किल्ला दिसला तिथे उतरली आणि विचारत विचारत घरापर्यंत गेली. ओट्यावर दिपमालाची सासू मंजुळाबाई कांद्याची पात निवडत होती. मिसबाहनं नाव सांगितलं तशी ती उठली, हात झटकले, गोणपाट अंथरलं.

“ये व माय, बठ. दिपी वावरमा गई शे, ई जाई आते,” ती म्हणाली. आणि मिसबाहकडे जरा वेळ बघून, “तुन्हं नाव रोज लेये ती.”

दिपमाला रोज तुझं नाव घ्यायची, एवढंच ती सांगत होती; त्यात ठपका नव्हता. म्हातारीला बहुधा काही सांगितलंच नव्हतं. पण मिसबाहला मान वर करता येईना. गल्लीतून जाणाऱ्या एका बाईनं थांबून विचारलं, की रक्तपेढीवाली घरी आहे का, आमच्या भाच्यासाठी विचारायचं होतं. मंजुळाबाईनं तिला अहिराणीत काहीतरी सांगून वाटेला लावलं.

दिपमाला आली ती डोक्याला रुमाल बांधून, कोपरापर्यंत मातीचे हात घेऊन. मिसबाहला बघून दारात थांबली. मग रांजणापाशी जाऊन हात धुतले, सावकाश, दोन्ही हात, आणि येऊन खांबाला टेकून बसली. सासूला चहा ठेवायला सांगितला.

“तुम्हाला माहीत होतं का, मॅडम?”

“नाही, ताई. मी लग्नाला गेले होते. खुदा की कसम, मला—”

“मला खरं वाटतं,” दिपमाला म्हणाली. “कसम नका घेऊ. तुम्ही तसं करणार नाही हे मला तिथेच माहीत होतं. एजन्सीच्या माणसानं त्या अहवालाचा कागद दाखवला ना, तेव्हासुद्धा मी म्हटलं, मिसबाहचं नसेल हे.” ती थांबली. “पण त्यानं काय होतं?”

मिसबाहनं शेठकडे गेल्याचं सांगितलं, सरांशी बोलल्याचं सांगितलं. दुसरीकडे काम बघते म्हणाली. दिपमाला ऐकत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

“एक सांगू? चूक लपवायला मला आधीपासून येत होतं. आम्हा सगळ्यांना येत होतं. ती विहीर होती ना, टाकलं की कुणाला दिसत नव्हतं. तुम्ही येऊन सांगितलं, लपवू नका, आता भीती नाही. मी नाही लपवलं. त्या जळगाववाल्या पोरींनी माझ्याकडूनच करून घेतलं, त्या अजून तिथेच आहेत. भटू तर बटण दाबतच नव्हता, म्हणायचा, ताई, मला नाही भरवसा. मी त्याला हसायचे.” तिचा आवाज इथपर्यंत सरळ होता. इथे जरा हलला. “भरवसा मी ठेवला. मीच गेले.”

चहा आला. दोघींनी प्याला. दिपमाला तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली नाही.

मिसबाहनं राजीनामा लिहिला. महिनाभर काम करावं लागणार होतं. त्या महिन्यात तिच्या मनात नको ते आलं. पॅनलच्या सगळ्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. तो अहवाल, त्यामागचा सगळा माग ती एका दुपारी पुसून टाकू शकत होती. पण मागाशिवाय ‘मागे घ्या’ चालत नव्हतं, आणि उद्या खरंच कुणाकडून शिबिर पुसलं गेलं असतं तर ते परत आणता आलं नसतं. शिवाय ती यादी ना सरांची होती ना शेठची. त्यात ज्यांचे फोन होते त्यांची होती. तिनं त्याला हात लावला नाही.

तिनं एकच सुधारणा केली, तिची शेवटची. ‘मागे घ्या’च्या खाली एक ओळ घातली, सहज वाचता येईल एवढ्या अक्षरात. ‘हे बटण दाबल्याची नोंद तुमच्या नावावर होते आणि ती वरिष्ठांना दिसते.’

सरांना न विचारता घातली, आणि घातल्यावर जाऊन सांगितलं. तिला वाटलं होतं सर चिडतील, ओळ काढायला लावतील, निदान एकदा तरी ओरडतील. सर पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, असू दे.

दुसऱ्याच दिवशी सावद्याहून भटूचा फोन आला. आम्ही वाचलं, म्हणाला. बरं केलंत. आता कुणी दाबत नाही.

आणि खरंच कुणी दाबेना. पट्ट्या बारीक होत गेल्या आणि शेवटी दिसेनाशा झाल्या. पुढच्या बैठकीत रतिलाल शेठनी सगळ्यांसमोर सांगितलं, की चुका जवळपास थांबल्या. मिसबाहचे शेवटचे काही दिवस उरले होते तेव्हा नाशिककडचे कुणी दवाखानेवाले ऑफिसात आले. काचेपलीकडे सर त्यांना तेच पान दाखवत होते, आधीच्या लांब पट्ट्या आणि नंतरचं रिकामं पान. मिसबाहला तिच्या खुर्चीवरून त्यांचा आवाज ऐकू येत होता. एक ओळीची सूचना दिली, सर म्हणत होते, आणि केवढी शिस्त आली बघा. पाहुण्यांनी ती ओळ कुणाची कल्पना, असं विचारलं. सर म्हणाले, आमच्याकडची एक मुलगी आहे, फार हुशार.

त्या दिवशी ती पर्स उचलून निघाली ती परत गेली नाही. महिना पुरा व्हायचा होता, तो तसाच राहिला.

सर हाशमभाईंच्या दुकानावर आले. मिसबाह नव्हती तेव्हा आले. मुलगी भावनेच्या भरात आहे, समजावा, जागा तिचीच आहे, असं म्हणाले. हाशमभाईंनी त्यांना स्टूल दिलं, चहा पाजला. सर गेल्यावर घरी येऊन त्यांनी मुलीला सगळं सांगितलं, जे झालं ते जसंच्या तसं. मग विचारलं, की त्या सोनगीरच्या बाईला कामावर घेतलं तर तू परत जाशील का? मिसबाह म्हणाली, तिला घेतलं तरी तीच परत जाणार नाही, अब्बा. हाशमभाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही. सकीनाला मात्र बरेच दिवस पटत नव्हतं. एवढा मोठा माणूस, आपल्या खाटेवर बसून पाणी प्यालेला, असं ती म्हणत राहायची. तो असं का करेल, हा तिचा प्रश्न होता, आणि मिसबाहकडे त्याचं उत्तर अजूनही नाही. पैशासाठी केलं म्हणावं तर तेवढा पैसा त्यात नव्हता. तिचा राग होता म्हणावं तर तसंही नव्हतं. शेवटपर्यंत तिचं कौतुकच करत होते.

भटूनं पुढच्या हिवाळ्यात ते काम सोडलं. सोडताना त्यानं फोन करून सांगितलं, की यादी पुन्हा आधीसारखी झालीय. नंबर चुकला तर तसाच ठेवतात. एकाच्या दोन नोंदी झाल्या तर दोन. रावेरकडच्या एका बाळंतिणीसाठी त्यांनी सकाळपासून फोन लावले, त्यातले बरेच लागलेच नाहीत. शेवटी त्याच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्यानं येऊन रक्त दिलं. बाई वाचली. मिसबाहनं हे लिहून रतिलाल शेठना मेल केला. उत्तर आलं, की आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.

आता मिसबाह मेहरूणमध्येच एका खोलीत मुलींना कॉम्प्युटर शिकवते आणि जमेल तसं छोटं काम घेते. काम घ्यायच्या आधी ती समोरच्याला खूप प्रश्न विचारते, इतके, की दोन-तीन जणांनी कंटाळून दुसरीकडे दिलं. ही माहिती कोण बघणार, पुढे कोण बघणार, तुमचा मालक बदलला तर कोण बघणार. शब्द ती कुणाला देत नाही. मला एवढं माहीत आहे, यापुढचं नाही, असं सांगते.

दिपमाला तिला एकदा भेटली, धुळ्याच्या स्टँडवर. मिसबाह एका शाळेचं काम बघून परतत होती. दिपमालाच्या हातात पिशवी होती आणि सोबत मुलगी. देवपूरला एका डोळ्याच्या दवाखान्यात चिठ्ठ्या फाडायला बसते, म्हणाली. डॉक्टर बरे आहेत. कॉम्प्युटर आहे, पण तिनं आधीच सांगून टाकलं की मला येत नाही. मिसबाहनं मुलीला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर मुलगी आईच्या मागे गेली.

“घरी या कधी,” दिपमाला म्हणाली. म्हणायचं म्हणून म्हणाली. दोघींनाही ते कळलं. जळगावची गाडी लागली होती. खिडकीपाशी जागा मिळाली नाही, मिसबाह पारोळ्यापर्यंत उभी राहिली.

सरांचा फोन ईदला येतो. मिसबाह उचलत नाही. हाशमभाई उचलतात, मुबारक म्हणतात, तब्येत विचारतात. सर म्हणतात, मिसबाहला सांगा मी फोन केला होता. हाशमभाई सांगतो म्हणतात, आणि सांगत नाहीत.